नववी-दहावीच्या पोरांना कायदा शिकवायचाय, पण त्या शिबिरासारखा नको

खडूडस्टर

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात एका अनुदानित हायस्कूलला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते, नववी आणि दहावी. यंदा मुख्याध्यापकांनी शनिवारचा एक तास माझ्या गळ्यात मारलाय, नाव 'कायदेविषयक जाणीव', दिवाळीपर्यंत चालवायचाय. पुस्तक नाही, परीक्षा नाही, मार्क नाहीत, त्यामुळे मोकळीक भरपूर आहे पण सुरुवात कुठून करू तेच सुचेना म्हणून इथे विचारतेय.

काय नकोय ते मात्र पक्कं माहितीये. गेल्या वर्षी शाळेत कायदेविषयक शिबिर झालं. हारतुरे, नारळ, प्रास्ताविक, मग पाहुण्यांनी कायद्यांची यादीच वाचली, पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), हुंडाबंदी, सायबर, मोटार वाहन, ग्राहक संरक्षण, प्रत्येकाचं साल, कलम आणि किती वर्षं आत जाल ते. पोरं सतरंजीवर बसून पुढच्यांच्या बुटाच्या नाड्या एकमेकांना बांधत होती. "काही शंका?" म्हटल्यावर मागून एकाने विचारलं, सर मी स्कूटी चालवली तर खरंच पप्पांना जेल होते का? आणि अख्खा हॉल जागा झाला. तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू, कारण पाहुण्यांना दुसऱ्या शाळेत जायचं होतं.

पुस्तकात कायदा नाहीच असं नाही. आठवीला न्यायव्यवस्थेचा धडा आहे, दहावीला 'संविधानाची वाटचाल' आहे. पण पोरांच्या डोक्यात कायदा म्हणजे पोलिस आणि पोलिस म्हणजे शिक्षा, संपलं. सुप्रीम कोर्ट दिल्लीत आहे हे सगळ्यांना येतं, आपल्या तालुक्याच्या कोर्टात रोज काय चालतं हे एकालाही सांगता येत नाही, आणि ते कोर्ट एसटी स्टँडच्या समोरच आहे, निम्मी पोरं रोज त्याच्यावरूनच शाळेत येतात.

त्यात स्टाफरूममध्ये एक सूर असा की हक्क शिकवलेत तर पोरं डोक्यावर बसतील. आणि माझी भीती वेगळीच, एखाद्या पोरीने वर्गात काही गंभीर सांगितलं तर मी काय करायचं? तर ज्यांनी शिकवलंय किंवा जे कोर्टात काम करतात त्यांनी प्लीज सांगा. शनिवारी वर्गात करता येईल असं काहीतरी हवंय.

पुकारा_झाला

वकील आहे, तालुका कोर्टात, दिवाणी-फौजदारी दोन्ही करतो. मॅडम, आधी त्या स्कूटीवाल्याला उत्तर द्या, तुमचा पहिला तास तोच आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९अ आलं. अल्पवयीन पोराने गाडी चालवताना त्या कायद्याखालचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. लगेच एकजण म्हणेल १६ ला मिळतं की लायसन्स, तर हो मिळतं, पण ५० सीसीच्या आतल्या बिनगियरच्या गाडीचं, आणि तसली गाडी आता शोरूममध्ये शोधून दाखव म्हणावं. दुसरा म्हणेल माझी इलेक्ट्रिक आहे. तर २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ च्या आत पळणारी असेल तर ती कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही, त्याच्या वरची असेल तर आहे. इथे थांबा आणि वर्गाला विचारा की ही सूट का ठेवली असेल, आणि पोराच्या चुकीला बाप आत का. माझा अनुभव असा की यावर पंधरा वर्षांची पोरं तास संपला तरी भांडत राहतात आणि आपल्याला फक्त मधे मधे "का?" एवढंच म्हणावं लागतं.

पुण्याचं कल्याणीनगर प्रकरणही निघणारच, ते टाळू नका. मे २०२४, १७ वर्षांचा मुलगा गाडी चालवत होता, दोन तरुण इंजिनियर गेले, आणि बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला, अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. पोरं यावर जोक मारतील, मारू द्या, मग विचारा की १७ वर्षांच्या मुलाला सुधारायचं असतं की शिक्षा करायची असते, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने १६ ते १८ मधल्यांना अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखं चालवायची वाट ठेवलीय ती कुणी ठरवायची. शिबिरात हे 'कलम अमुक' म्हणून सांगितलं की झोप येते, तीच गोष्ट प्रश्न म्हणून टाकली की येत नाही.

दुसरं, पंचनामा करायला लावा. आधी ठरवून दोन पोरांनी तास चालू असताना आत यायचं, टेबलावरची पिशवी उचलायची, थोडी बाचाबाची आणि पळ काढायचा. मग वर्गाला सांगायचं की कुणाशी न बोलता काय पाहिलंत ते लिहा. मी एका शाळेत केलं तेव्हा पिशवी कुणाकडे पांढरी, कुणाकडे पिवळी, एकाकडे तर ती दप्तर झाली होती, आणि एक मुलगी अगदी शपथेवर सांगत होती की तिसरा मुलगाही होता, दाराशी उभा होता, त्याने खुणावलं पण. तिसरा कुणी नव्हताच. त्या मुलीला साक्षीदार म्हणून उभी केली आणि दोघांना वकील करून उलटतपास घ्यायला लावला, खूप प्रश्न विचारले पोरांनी. साक्षीदार खोटं बोलत नसतानाही चुकतो हे कळलं की "चोर तर आहेच तो, त्याला वकील कशाला" म्हणणारे आपोआप गप्प होतात.

आणि हो, जुनी गाईडं वापरू नका. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, पुरावा कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम. ४२० आता ३१८ झालंय, पोरांना याचं फार वाईट वाटतं.

शेवटची_घंटा

मी निवृत्त मुख्याध्यापक. वाईट वाटेल पण स्पष्ट लिहितो. आधी कर्तव्ये शिकवा. हक्क आता सर्वांना तोंडपाठ आहेत, वर्ग झाडायला सांगितला तर पालक बालहक्क काढतात, मुलाला हात लावण्याची सोय राहिलेली नाही. कायदा शिकवून शिस्त येत नसते.

पुकारा_झाला

सर, तुमचा मुद्दा मान्य पण एक गंमत सांगतो. मूलभूत कर्तव्यं घटनेत १९७६ ला ४२ व्या दुरुस्तीने आली, दहा. अकरावं आलं २००२ ला ८६ व्या दुरुस्तीने, आणि ते कुणाचं आहे माहितीये ना, पालकाचं, सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिकायची संधी द्यायची. आणि मुलाचा शिक्षणाचा हक्क, २१अ, तोही त्याच दुरुस्तीत आला. मुलाचा हक्क आणि बापाचं कर्तव्य एका कागदावर. वर्गात असंच मांडा, आधी हे का आधी ते हा वादच राहत नाही.

हात लावण्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद आहे. एका शाळेत पोराने मला विचारलं, तो कायदा चौदापर्यंत आहे ना, मग दहावीवाल्याला मारलं तर चालतं का? असला प्रश्न आमच्या वकिलांच्या बाररूममध्ये कुणी विचारत नाही हो! नाही चालत. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ अठराच्या आतल्या प्रत्येकाला लागू आहे, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर. वर साधी मारहाण हा गुन्हा आहेच.

शेवटची_घंटा

कायदा ठीक आहे. सत्तर मुलांचा वर्ग सांभाळून दाखवा, मग बोलू.

गांधारपाले

रायगडात शिकवतो, महाड जवळ. मी दरवर्षी चवदार तळं घेतो आणि माझं म्हणणं आहे की कायदा समाजात काय करतो आणि काय करू शकत नाही हे दाखवायला महाराष्ट्रात याच्याइतकी चांगली केस नाही. २० मार्च १९२७ पोरांना पाठ असतं, परीक्षेला येतं ना. पण पुस्तकात ते सत्याग्रह म्हणून येतं, त्याच्या मागेपुढे जी कोर्टकचेरी आहे ती कुणी सांगतच नाही.

क्रम बघा. ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोलेंचा ठराव मंजूर झाला, की सरकारी पैशातून बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. इथे मी फळ्यावर दोन्ही सालं लिहितो आणि विचारतो, झालं ना, ठराव झाला, मग १९२७ ला बाबासाहेबांना एवढी माणसं घेऊन यायची काय गरज होती? पहिल्यांदा वर्ग गप्प बसतो. मग एखादी मुलगी म्हणते, सर कागदावर खुलं होतं पण कुणी जाऊ देत नसेल. बरोब्बर.

मग पुढचं. पाणी प्याले, परत निघालेल्या माणसांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली तर विरोधकांनी दिवाणी कोर्टात दावा टाकला की तळं खासगी आहे, आणि तात्पुरता मनाई हुकूम आणला. आता परिस्थिती अशी की हजारो माणसं महाडात जमलीत, तळं समोर आहे आणि हातात कोर्टाचा मनाई हुकूम. काय करायचं? मी वर्गाचे दोन भाग करतो, एक म्हणणार मोडायचा, एक म्हणणार पाळायचा, आणि खरं काय झालं ते शेवटपर्यंत सांगत नाही. कुणाला आधीच माहीत असेल तर त्याला दंड, गप्प बसायचं. दरवेळी मोडायचा म्हणणारे जास्त निघतात आणि जोरात बोलतात. पाळायचा म्हणणाऱ्यांत एक मुलगा म्हणाला होता, सर आपण मोडला तर उद्या त्यांना पण मोडता येईल, ते तर आपल्यापेक्षा जास्त आहेत. नववीचा मुलगा, परीक्षेत जेमतेम पास होणारा.

बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, आणि दावा कोर्टात लढवला. खालच्या कोर्टातून वर वर जात हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. अस्पृश्यांना बंदी ही अनादि काळापासूनची रूढी आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही. दहा वर्षं! पोरं म्हणतात एवढी का लागली, आणि मग अपील म्हणजे काय, तारीख म्हणजे काय, रूढी कोर्टात सिद्ध करायची म्हणजे काय करायचं, हे सगळं त्यांना स्वतःहून विचारावंसं वाटतं. एक तासात उरकायला जाऊ नका, तीन शनिवार द्या.

एक सावधगिरी, वर्गात सगळ्या समाजाची पोरं असतात. बाजू वाटताना आडनाव बघून वाटू नका, चिठ्ठ्या टाका.

खडूडस्टर

बापरे, मनाई हुकूमवाला वाद मी नक्की घेणार. दोघांचेही आभार. पहिल्या शनिवारी धीर होईना म्हणून घरचंच काहीतरी घेतलं, शाळेचा नियम. 'शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांनी मोबाइल आणू नये' एवढी एक ओळ फळ्यावर लिहिली आणि म्हटलं आता तुम्ही न्यायाधीश, मी आरोपी आणते. आरोपी एक, हातात सिम असलेलं स्मार्टवॉच. आरोपी दोन, मोबाइल आहे पण बॅटरी काढलेली, दुरुस्तीला द्यायचाय. आरोपी तीन, घाटातल्या वाडीवरून चालत येणारी मुलगी, साधा बटणाचा फोन, शाळेत आल्यावर बाईंकडे जमा करते. आरोपी चार मी स्वतः, कारण शिक्षिका आहे.

चौथ्याला सर्वांनी एकमताने दोषी धरलं, नियमात 'विद्यार्थ्यांनी' असं स्पष्ट लिहिलेलं असूनही! मग तिथून गाडी सुरू झाली की न्यायाधीशाला आवडत नाही म्हणून नियम वाढवता येतो का. तिसरीवर वर्ग फुटला, शब्द बघायचे का नियम कशासाठी केला ते बघायचं. शेवटी त्यांनी नियम पुन्हा लिहिला आणि तो पाच ओळींचा झाला, अपवाद, जमा करायची जागा, हरवला तर जबाबदार कोण, सगळं. एकजण कंटाळून म्हणाला, बाई म्हणूनच कायदे एवढे लांब असतात होय.

पाच ओळींचा नियम मुख्याध्यापकांकडे दिलाय, अजून उत्तर नाही.

विधी_तिसरं_वर्ष

भारी आहे हे! आमच्या कॉलेजात आम्हाला असं शिकवलं असतं तर... जाऊ दे. मी पुण्यात लॉ करते. नववी-दहावीला दोन गोष्टी हमखास चालतील असं वाटतं कारण दोन्ही मोबाइलमधल्याच आहेत.

एक म्हणजे पालघर. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद होती, त्यावर एका मुलीने फेसबुकवर पोस्ट टाकली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली, दोघींना अटक. लाइकला अटक! आयटी ॲक्टचं ६६अ लावलं होतं. मग एका लॉच्या विद्यार्थिनीने, श्रेया सिंघलने, सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला ते कलमच रद्द झालं, कारण 'त्रासदायक' 'गैरसोयीचं' असले शब्द इतके मोघम होते की कुणालाही पकडता येईल. पोरांना ते शब्द देऊन विचारा, तुमच्या वर्गाच्या ग्रुपवरचे कोणते मेसेज यात बसतील. सगळेच बसतात 😀 आणि गोष्ट इथे संपवू नका प्लीज, कारण रद्द झाल्यावर सुद्धा ठिकठिकाणी पोलिस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले आणि २०२१ ला सुप्रीम कोर्टाला त्यावर धक्का बसल्याचं म्हणावं लागलं. वर गांधारपाले सरांनी लिहिलंय तेच उलट बाजूने, तिथे ठराव होऊन पाणी मिळत नव्हतं, इथे कलम मरून अटक थांबत नव्हती. फक्त हे सांगा की ६६अ गेलं म्हणजे काहीही टाकता येतं असं नाही, बदनामी, धमकी, कुणाचे फोटो फिरवणं याला बाकीची कलमं आहेत.

दुसरं, गेममध्ये किंवा ॲपवर 'आय ॲग्री' वर टिक करणं. अठराच्या आतल्याने केलेला करार कायद्याने करारच नाही, हे १९०३ पासून ठरलेलं आहे, कलकत्त्याच्या मोहरी बीबी केसमध्ये, त्यात एका अल्पवयीन मुलाने घर गहाण टाकून सावकाराकडून पैसे घेतले होते. पोरांचा पुढचा प्रश्न तयार असतो, मग मी मोबाइलवर लोन घेऊन बुडवलं तर चालेल का? इथे हसत हसत विचारा की मग तुला लोन देईल कोण, आणि वडिलांच्या आधारवर घेतलंस तर करार कुणाचा आणि फसवणूक कुणाची.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे तर वर्गात सुरुवातच वेगळी होते कारण घरचा कायदाच वेगळा आहे. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, हिंदू असो ख्रिश्चन असो मुसलमान असो बहुतेक बाबतीत तोच. लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन टप्प्यांत, आधी इरादा सांगायचा, मग ठरावीक दिवसांनी परत जाऊन सही, आणि वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता अर्धी अर्धी सामाईक. मुलांना वारशातून पूर्ण बाहेर काढता येत नाही, निम्मा हिस्सा राखीवच असतो. मी पोरांना घरी विचारून यायला सांगतो की आई-बाबांनी सही कितीदा केली. सिंधुदुर्गात नातेवाईक असलेली पोरं मग तुलना करतात, दोडामार्ग ओलांडलं की आत्याचा हिस्सा बदलतो. यावरून मग एकच कायदा सगळ्यांना असावा का हा वाद घ्यायला सोपं जातं, नुसता टीव्हीवरचा आरडाओरडा राहत नाही.

जर्सीकर

न्यू जर्सीत पिस्कॅटवेजवळ राहतो, इथे आपली मराठी मंडळी ढिगाने आहेत आणि निम्म्या जणांना माहिती नसेल की त्यांच्या पोरांच्या शाळेवरून अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल आहे. १९८० ला पिस्कॅटवे हायस्कूलमध्ये १४ वर्षांच्या मुलीला बाथरूममध्ये सिगरेट ओढताना पकडलं, असिस्टंट व्हाइस प्रिन्सिपलने तिची पर्स उघडली, आत सिगरेटबरोबर गांजा निघाला. केस १९८५ पर्यंत गेली. कोर्ट म्हणालं, शाळेलासुद्धा घटना लागू आहे, पण पोलिसांना लागतो तेवढा पक्का आधार शाळेला लागत नाही, वाजवी संशय पुरे. माझ्या मुलीच्या वर्गात याच्यावर मॉक ट्रायल (लुटुपुटीचा खटला) झाली, ती प्रिन्सिपलची वकील होती, घरी आठवडाभर आमच्या ड्रॉवरची झडती चालली होती. तिकडे दप्तर तपासणी सर्रास होते ना? तुमच्याकडे हाच प्रश्न टाकून बघा, कायदा वेगळा असला तरी.

शेवटची_घंटा

दप्तर तपासणी आम्ही करत होतो आणि त्यामुळेच एकदा चाकू सापडला होता. हेही त्या खटल्यात मांडा.

खडूडस्टर

सर, तुम्हीच या ना आमच्या शाळेत प्रिन्सिपलच्या बाजूने साक्षीदार म्हणून. मनापासून म्हणतेय.

सातबारा_उतारा

लातूरकडं तलाठी आहे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं). मॅडम पोरींना घटना शिकवा, सगळं शिकवा, पण सातबारा वाचायला शिकवा आधी. आमच्याकडं शाळेत एकदा बोलावलं होतं तेव्हा मी एक उतारा मोठा करून भिंतीला लावला, नावं झाकून. वर भोगवटादार म्हणून, म्हणजे जमीन ज्यांच्या नावावर ते, तीन भाऊ, आणि खाली 'इतर हक्क' मधे दोन बायांची नावं. विचारलं ह्या कोण? एक पोरगं म्हणालं बँकेच्या बाया असतील, कर्ज असतं ना तिथं. एक पोरगी हळूच म्हणाली आत्या असतील. आत्याच होत्या.

मग मी सांगितलं, महाराष्ट्रानं १९९४ लाच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीनं वाटा देणारी दुरुस्ती केली, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना. केंद्रानं २००५ ला केली, ९ सप्टेंबर, लग्न झालेली न झालेली सगळ्या. आणि त्या तारखेला बाप जिवंत असायला पाहिजे का नको यावर कोर्टकोर्टांत वेगळे निकाल होते ते २०२० ला सुप्रीम कोर्टानं मिटवलं, नको म्हणून. इतकं सगळं होऊन मी रोज काय नोंदवते, हक्कसोडपत्राचा फेरफार, म्हणजे बहिणीनं भावांसाठी आपला वाटा सोडल्याची नोंद. रजिस्ट्री होते, बाई स्वतः येऊन सही करते, कुणी बंदूक लावलेली नसते. पोरींनाच विचारा ती का सही करते. आमच्याकडं उत्तरं आली: माहेर तुटंल, भाऊ दिवाळीला बोलावणार नाही, हुंडा दिला होता की, आई रडती. एका पोरानं विचारलं मग कायद्यात हक्क आहे म्हणून आत्यानं घेतला तर आम्ही खायचं काय, दोन एकर हाय. त्याला गप्प करू नका, त्याचंही खरंच आहे.

दुसऱ्या दिवशी एक वडील शाळेत आले, माझ्या पोरीला काय शिकवताय म्हणून. सरांनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि तोच भिंतीवरचा उतारा दाखवला की आम्ही हा वाचायला शिकवतोय, तुमचा नव्हे. ते उलट त्यांच्याच एका फेरफाराची हरकत कशी घ्यायची ते विचारून गेले.

शेवटची_घंटा

ज्यांच्या घरी जमीनच नाही त्या मुलांचे काय? माझ्या शाळेत निम्मे ऊसतोड कामगारांची होती. सातबारा घरून आणायला सांगितलात तर ती मुले त्या दिवशी शाळेतच येणार नाहीत.

सातबारा_उतारा

खरंय सर. म्हणून घरून आणायला सांगूच नये. शाळेच्या जागेचाच काढा, महाभूमीच्या साइटवर दिसतो. जागा कुणाच्या नावावर आहे, दान दिलेली का गायरान, हेच बऱ्याच शाळांना माहीत नसतं, मास्तरांनाही.

पुकारा_झाला

मॅडमनी शेवटी जो प्रश्न विचारला होता त्यावर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, हे नीट वाचा.

पॉक्सो शिकवताना दोन गोष्टी मोठ्या वर्गाला सरळ शब्दांत सांगा. अठराच्या आतल्या मुलीच्या किंवा मुलाच्या 'संमती'ला या कायद्यात किंमत नाही. दहावी-अकरावीतली प्रेमप्रकरणं, पळून जाणं, यात मुलगा सतरा-अठराचा असतो आणि गुन्हा हाच दाखल होतो, मी अशा पोरांच्या जामिनाला उभा राहतो म्हणून सांगतो. घाबरवायला नका सांगू, पण त्यांना आधीच माहीत असू दे. कुणाचं लग्न ठरवताहेत असं कानावर आलं तर मुलगी १८, मुलगा २१, आणि खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो. १०९८ हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा.

आता तुमच्यासाठी. मुलाने काही सांगितलं आणि अत्याचार झालाय असं तुम्हाला कळलं तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, नाही कळवलं तर कलम २१ खाली तुमच्यावरच गुन्हा. मुख्याध्यापक किंवा संस्था म्हणाली आधी चौकशी करू, शाळेचं नाव जाईल, तरी ते ऐकायचं नाही. तुम्ही तपास करायचा नाही, मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, चार शिक्षकांसमोर तर नाहीच. ऐकून घ्यायचं, शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, कळवायचं. म्हणून तास सुरू करायच्या आधीच वर्गाला सांगून टाका की मला काही सांगितलंत तर मी ते गुपित ठेवेनच असं वचन देऊ शकत नाही, पण तुमच्याबरोबर मात्र राहीन. नंतर सांगितलं तर पोरांना विश्वासघात वाटतो.

खडूडस्टर

हे प्रिंट काढून ठेवतेय, आणि मुख्याध्यापकांनाही देणार. खरंच धन्यवाद.

आता ठरवलंय ते असं. स्कूटी आणि पिशवीचा पंचनामा, मग चवदार तळं तीन शनिवार, मग पालघर, मग शाळेच्या जागेचा उतारा. पॉक्सोचा तास आमच्या तालुक्यातल्या एका महिला वकील ताईंना बरोबर घेऊन. मधे कधीतरी पोरांना कोर्ट दाखवायचंय, समोरच तर आहे. नुसतं घेऊन गेलं तर चालतं का परवानगी लागते?

पुकारा_झाला

कोर्ट उघडं असतं, कुणीही मागे बसून ऐकू शकतं, काही नाजूक केसेस बंद दाराआड चालतात त्या सोडून. पण पन्नास पोरं घेऊन अचानक गेलात तर पट्टेवालाच दारात अडवेल. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, अध्यक्ष, तालुका विधी सेवा समिती यांच्या नावे, तिथले न्यायाधीशच अध्यक्ष असतात. शनिवारी न्यायचं असेल तर दुसरा-चौथा सोडून, त्या दिवशी सुट्टी असते. वीस-वीसची तुकडी करा. सकाळी अकराला या म्हणजे बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) वाचताना आणि पुकारा ऐकताना सापडेल, दुपारी गेलात तर बहुतेक ठिकाणी नुसत्या तारखाच पडताना दिसतील. मोबाइल बंद, आणि आरोपीला हातकडी घालून आणलं तर बोटं दाखवायची नाहीत हे आधी बजावा. साक्ष चालू असलेली एखादी साधी दिवाणी केस कुठल्या दिवशी आहे ते आधी एखाद्या वकिलाला विचारून ठेवा, बांधाच्या भांडणाची मिळाली तर उत्तम, त्यात पोरांना सगळं कळतं. नंतर न्यायाधीश साहेबांना वेळ असेल तर चेंबरमध्ये दहा मिनिटं देतात बरेचजण, त्यासाठी पोरांकडून प्रश्न आधीच लिहून घ्या, नाहीतर पहिला प्रश्न तुम्हाला पगार किती हाच येतो.